‘असे समजते’ : एका क्रियापदाचा वृत्तपत्रीय इतिहास

प्रास्ताविक

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. यंत्र अभियांत्रिकीच्या विषयांबरोबर दुसऱ्या वर्षाचा तांत्रिक लेखनाचा विषयही काही वर्षे माझ्याकडे आहे. अहवाल कसा लिहावा हे सांगताना मी विद्यार्थ्यांना वर्तमानपत्र आणायला सांगतो. त्यातील बातम्यांची क्रियापदे अधोरेखित करायची, एवढाच पहिला अभ्यास असतो. या पाठाचा जन्म त्याच तासातला आहे.

त्यामागे एक प्रसंगही आहे. काही वर्षांपूर्वी एका दैनिकात आमच्या महाविद्यालयाविषयी चार ओळींची बातमी आली. एक शाखा पुढील वर्षापासून बंद होणार ‘असल्याचे समजते’, असे तिच्यात म्हटले होते. प्रवेशाचे दिवस होते. सकाळपासून पालकांचे फोन सुरू झाले. प्रत्यक्षात एका बैठकीत त्या शाखेच्या जागा कमी कराव्यात का, एवढीच चर्चा झाली होती आणि निर्णय काहीच झाला नव्हता. चर्चा कोणीतरी अर्धवट ऐकली, चहाच्या टपरीवर सांगितली आणि ती बातमी झाली. शाखा आजही चालू आहे. पण त्या आठवड्यात प्रवेश रद्द करून गेलेली एक मुलगी परत आली नाही. तिच्या वडिलांनी तिला तालुक्याच्या गावी दुसऱ्या अभ्यासक्रमाला घातले होते.

त्या बातमीत खोटे असे नेमके काय होते? वार्ताहराला खरोखरच तसे ‘समजले’ होते. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. मात्र एका प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते : कोणाला समजते आणि कोणाकडून? हे उत्तर वाक्यातून वगळण्याची सोय या क्रियापदाने कशी दिली, त्या सोयीचा चांगला आणि वाईट उपयोग कसा झाला, हे या पाठात पाहू.

१. क्रियापदाची घडण

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘कळणे’ ही क्रियापदे वेगळ्या पद्धतीने चालतात. ‘मी बातमी ऐकली’ या वाक्यात ऐकणारा ‘मी’ आहे आणि ऐकण्याचे काम त्याने केले आहे. ‘मला बातमी कळली’ या वाक्यात मात्र ‘मला’ हे रूप चतुर्थीचे आहे. कळण्याची क्रिया माणूस करत नाही, ती त्याच्यापर्यंत येऊन पोचते. भूक लागणे, राग येणे, आठवणे, आवडणे यांचीही घडण अशीच आहे.

त्यामुळे ‘मला’ काढून टाकले तरी वाक्य लंगडे होत नाही. ‘असे कळते’, ‘असे समजते’ ही पूर्ण वाक्ये आहेत. इंग्रजी वृत्तपत्रांना हीच गोष्ट साधण्यासाठी ‘इट इज लर्न्ट’ अशी कर्मणी रचना करावी लागते. मराठीत जाणणारा माणूस आपोआप बाजूला होतो, आणि तो गेला हे वाचकाच्या लक्षातही येत नाही.

काळाचेही येथे महत्त्व आहे. ‘कळले’ असे भूतकाळात लिहिले की कधी कळले, कोणाला कळले, असे प्रश्न मनात येतात. ‘कळते’ या वर्तमानकाळी रूपाने ते प्रश्न मिटतात. जणू ती माहिती हवेतच आहे आणि कोणालाही कळू शकते.

‘समजणे’ या क्रियापदाला आणखी एक पदर आहे. ‘मला समजते’ म्हणजे मला माहिती मिळते किंवा उमगते, पण ‘मी समजतो’ म्हणजे मी मानतो. ‘असे समजते’ यात माहिती आहे, ‘असे समजले जाते’ यात लोकांची धारणा आहे, ‘असा समज आहे’ म्हटले की ती धारणा चुकीची असावी अशी शंका येते. ‘गैरसमज’ हा शब्द त्याच घरातला. घाईने वाचणाऱ्याला पहिल्या दोन रूपांतील फरक जाणवत नाही, आणि घाईने लिहिणाऱ्यालाही नाही.

ही सोय एकट्या मराठीची नाही. तेलुगू बातमीच्या शेवटी ‘तेलिसिंदि’ येते, कन्नडमध्ये ‘तिळिदुबंदिदे’, गुजरातीत ‘जाणवा मळ्युं छे’, बंगालीत ‘जाना गेछे’. हिंदीत ‘पता चला है’ किंवा ‘बताया जाता है’, तर तमिळमध्ये ‘कूरप्पडुगिरदु’, म्हणजे ‘सांगितले जाते’. अनुभवणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची पद्धत भारतातील वेगवेगळ्या भाषाकुलांत आढळते. कॉलिन मॅसिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ मधील आपल्या ग्रंथात दक्षिण आशियाई भाषांना जोडणाऱ्या वैशिष्ट्यांत तिचा विचार केला आहे.

स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून कळलेले यांत फरक करण्याची जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीच्या व्याकरणात बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळातील घटनेसाठी क्रियापदाचे वेगळे रूप सांगितले आहे. बोलीतल्या मराठीत ते काम ‘म्हणे’ करते. ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यांत बोलणाऱ्याची जबाबदारी बदलते. ‘म्हणे’ ऐकताच ऐकणारा सावध होतो. वृत्तपत्रांनी हा प्रामाणिक शब्द बातमीत घेतला नाही. तो आता उपहासापुरता उरला आहे. त्याच्या जागी आलेल्या ‘समजते’मध्ये शंकेचा सूर नाही, अधिकाराचा आहे.

२. पत्रातले ‘कळावे’, वर्तमानपत्रातले ‘कळते’

छापील वर्तमानपत्राच्या आधी बातमी पत्रातून जात असे. दरबारातील वकील आपल्या धन्याला वर्तमान लिही, पेढीवरचा मुनीम सावकाराला लिही. मराठी पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहिण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत घरोघर होती. या ‘कळावे’मध्ये सांगणारा आणि ज्याला सांगायचे तो, असे दोघेही ठाऊक असतात. माहिती चुकली तर कोणाला विचारायचे, हा प्रश्नच येत नाही.

गुजराती ‘मुंबई समाचार’ १८२२ मध्ये, हिंदी ‘उदंत मार्तंड’ १८२६ मध्ये आणि मराठी ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले. ‘दर्पण’चे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनी पत्राचा मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांत शेजारी शेजारी छापला. आता वाचक अनोळखी होता. त्याला बातमी सांगणाराही अनोळखी होता. दोन्ही टोकांची माणसे दिसेनाशी झाली आणि ‘कळावे’चे ‘कळते’ झाले. तरी त्या काळी बातमी जहाजाने आलेल्या टपालातून, दुसऱ्या पत्रातून किंवा गावोगावच्या पत्रलेखकांकडून येई. ती कोठून आली हे सांगणे संपादकाला अवघड नव्हते.

तारायंत्र आल्यावर वेग बदलला. भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. रॉयटर या वृत्तसंस्थेने १८६६ मध्ये मुंबईत कार्यालय उघडले. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. काही आठवड्यांनी येणारी बातमी काही तासांत येऊ लागली. तारेत शब्दागणिक पैसे पडत. अशा मजकुरात कोणी, कोणाला, कोणत्या कागदावरून सांगितले हे लिहिणे महागाचे काम होते. ‘समजते’ हा एकच शब्द तीन-चार शब्दांची बचत करतो. माझ्या मते या क्रियापदाच्या भरभराटीचे एक कारण हे आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेच्या काळातील काटकसर बातमीच्या वाक्यात राहिली.

याच काळात कायदा उलट दिशेने चालला होता. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव बंधनकारक केले. म्हणजे वाक्यात माणूस नव्हता, पण पानाच्या तळाशी होता. वाक्याने टाळलेली जबाबदारी कोणाच्या तरी अंगावर येणारच होती. ती कशी येते याचा धडा मराठी पत्रकारितेला १८८२ मध्ये मिळाला.

३. कोल्हापूर प्रकरण, १८८२

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. पहिल्याच वर्षी या पत्रांनी कोल्हापूर संस्थानाचा विषय हाती घेतला. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप पत्रांतून झाला. आरोपाला आधार म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. महाराजांविषयी लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे पहाऱ्यात असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि लोकांच्या मनातील संशय वाढला. पण काळजी खरी असणे आणि कागद खरा असणे या दोन बाबी आहेत. संपादकांना ‘समजले’ होते हे खरे, त्यांचा हेतूही प्रामाणिक होता. न्यायालयाने विचारले ते एवढेच : जे छापले त्याचा पुरावा काय?

भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ चा रोख तोच होता आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चाही तोच आहे. बदनामीकारक विधान करणाऱ्याबरोबर ते प्रसिद्ध करणाराही जबाबदार असतो. ‘असे म्हणतात’ किंवा ‘असे समजते’ ही शेपटी जोडल्याने सुटका होत नाही. विधान खरे होते आणि ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हे दाखवावे लागते. अनेक वार्ताहर हे क्रियापद कायद्याची ढाल म्हणून वापरतात. ती ढाल कागदाची आहे.

४. ढाल कोणासाठी?

मग हे क्रियापद टाकूनच द्यावे का? इतिहास तसे सांगत नाही. परकी राजवटीत सरकारी कचेरीतील कारकून, संस्थानातील नोकर, पोलिसातील शिपाई काही सांगत असेल, तर त्याचे नाव छापणे म्हणजे त्याला तुरुंगाच्या दारी नेऊन सोडणे होते. १८७८ च्या देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील कायद्याने आणि १९१० च्या मुद्रण कायद्याने सरकारला छापखाने व तारण रक्कम जप्त करण्याचे अधिकार दिले होते. अशा वेळी ‘समजते’ हा शब्द सांगणाऱ्याचे रक्षण करत होता.

स्वतंत्र भारतातील ठळक उदाहरण बोफोर्सचे. तोफखरेदीत दलाली दिल्याचा आरोप एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने प्रथम केला. पुढे चित्रा सुब्रमण्यम आणि एन. राम यांनी ‘द हिंदू’मधून मूळ कागदपत्रे प्रसिद्ध केली. ती देणारा कोण हे त्यांनी सांगितले नाही. एप्रिल २०१२ मध्ये स्वीडनचे निवृत्त पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी आपणच ते होतो असे स्वतः जाहीर केले. पंचवीस वर्षे नाव झाकलेले राहिले. पण नाव झाकले होते, कागद नव्हते. वाचक, संसद आणि न्यायालय यांच्यासमोर तपासण्याजोगे काहीतरी होते. कोल्हापूर आणि बोफोर्स यांतील फरक येथेच आहे. दोन्हीकडे सांगणारा पडद्याआड होता. एकीकडे कागद खोटे होते, दुसरीकडे खरे.

भारतीय कायद्याने स्रोत झाकण्याचा हक्क अर्धाच मान्य केला आहे. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिल पत्रकाराला स्रोत उघड करण्याची सक्ती करू शकत नाही. न्यायालयापुढे मात्र असे कायद्याचे संरक्षण नाही. विधी आयोगाने १९८३ मधील आपल्या ९३ व्या अहवालात पुराव्याच्या कायद्यात तशी तरतूद करावी अशी शिफारस केली होती, ती अमलात आली नाही.

५. आणीबाणी : ‘सांगितले’ खोटे आणि ‘म्हणे’ खरे

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली. १९७६ च्या आरंभी चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. ती १९७८ मध्ये पुन्हा वेगळी झाली. अफवा छापू नयेत असा दंडक होता. ऐकायला तो रास्त वाटतो, पण अफवा कशाला म्हणायचे हे सरकार ठरवत होते. बातम्यांत अमुक मंत्र्यांनी सांगितले, तमुक अधिकाऱ्यांनी जाहीर केले, अशी नावानिशी विधाने भरपूर होती.

म्हणजे आपण वर जी अपेक्षा केली, सांगणाऱ्याचे नाव द्या, ती येथे पूर्ण झाली होती. तरीही दिल्लीतील तुर्कमान गेटजवळ एप्रिल १९७६ मध्ये घरे पाडताना झालेला गोळीबार किंवा नसबंदीची सक्ती देशाला वृत्तपत्रांतून मोकळेपणाने कळली नाही. ती तोंडोतोंडी आणि परदेशी रेडिओवरून कळली. लोक एकमेकांना हलक्या आवाजात ‘असे झाले म्हणे’ सांगत होते आणि त्यात बरेच खरे होते.

हा धडा कोल्हापूरच्या धड्याइतकाच महत्त्वाचा आहे. नाव दिले म्हणून विधान खरे होत नाही, आणि नाव नाही म्हणून ते खोटेही ठरत नाही. नाव हा तपासाचा आरंभ आहे.

६. दोन हजारांची नोट

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली आणि दोन हजारांची नवी नोट आली. तिच्यात सूक्ष्म चिप आहे, ती उपग्रहाला आपला ठावठिकाणा कळवते, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सापडते, अशी चर्चा मोबाइलवर पसरली. काही दूरचित्रवाहिन्यांनी ती बातमी म्हणून दाखवली. रिझर्व्ह बँकेने नोटेची जी वैशिष्ट्ये प्रसिद्ध केली, त्यांत असे काहीही नव्हते.

ही बातमी तपासायला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे ज्ञान पुरेसे होते. जीपीएस यंत्रणेत उपग्रह संदेश पाठवतो आणि जमिनीवरचा ग्राहक तो घेऊन आपले स्थान मोजतो. ग्राहक उपग्रहाला काहीही कळवत नाही. स्थान दुसऱ्याला कळवायचे तर वेगळा प्रक्षेपक हवा आणि त्याला वीज हवी. कागदाच्या नोटेत बॅटरी कोठे आहे? शिवाय उपग्रहाचा क्षीण संदेश तळघरातसुद्धा नीट पोचत नाही, मग १२० मीटर मातीखाली कसा पोचेल? एवढे प्रश्न विचारायला अर्धा तास लागला असता. ‘समजते’ म्हणणाऱ्यांनी तो अर्धा तास घेतला नाही. समजणे या शब्दाचा दुसरा अर्थ उमगणे हा आहे, याचा त्यांना विसर पडला असावा.

७. प्रयोगशाळेतील ‘आढळून आले’

दुसऱ्यांना दोष देणे सोपे असते. आमच्या घरातही असेच एक क्रियापद आहे. विद्यार्थी अहवालात लिहितात, ‘नमुन्याची ताणशक्ती जास्त असल्याचे आढळून आले.’ कोणाला आढळले? कोणत्या यंत्रावर? किती नमुने तोडले? मी असा अहवाल परत करतो. प्रयोगवहीत तारीख, यंत्राचा क्रमांक, प्रत्येक वाचन आणि करणाऱ्याची सही असली, तर ‘आढळून आले’ या शब्दाला माझी हरकत नाही. कारण शब्दात नसलेला माणूस वहीत आहे. वही नसेल तर तो शब्द पोकळ आहे.

बातमीलाही हाच नियम लावता येतो. ‘समजते’ छापायला हरकत नाही, पण कचेरीत कोणाच्या तरी टिपणवहीत नाव, वेळ आणि शक्य असेल तर कागद असला पाहिजे. दुसऱ्या बाजूला विचारून घेतल्याची नोंद असली पाहिजे. आमच्या शाखेविषयीच्या त्या बातमीमागे अशी वही असती, तर वार्ताहराने प्राचार्यांना एक फोन केला असता. फोन करायला दोन मिनिटे लागली असती आणि त्या मुलीचे वर्ष ठरल्याप्रमाणे सुरू झाले असते.

समारोप

‘असे समजते’ हे क्रियापद स्वतः दोषी नाही. त्याने भेदरलेल्या माणसांना बोलण्याची सोय दिली आणि आळशी माणसांना न विचारण्याचीही. कोल्हापूर प्रकरणात त्याच्यामागे खोटे कागद होते, बोफोर्समध्ये खरे होते, नोटेच्या बातमीत कागदच नव्हते. क्रियापद तिन्हीकडे तेच. म्हणून वाचकाने शब्दावर न थांबता त्याच्यामागे काय आहे ते पाहावे. पुढच्या वेळी बातमीच्या शेवटी ‘समजते’ दिसले, तर वाक्यातून गळालेली चतुर्थी परत घालून बघा : कोणाला? उत्तर बातमीतच सापडले तर ती पुढे पाठवा. सापडले नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

स्वाध्याय

१. एका आठवड्याच्या कोणत्याही एका दैनिकातील ‘समजते’, ‘कळते’, ‘सूत्रांनी सांगितले’ असलेल्या बातम्या गोळा करा. त्यांपैकी कितींमध्ये तपासण्याजोगा कागद, आकडा किंवा ठिकाण दिले आहे ते मोजा.
२. ‘मला समजते’ आणि ‘मी समजतो’ यांतील फरक आपल्या परिचयाच्या दुसऱ्या एका भारतीय भाषेत कसा व्यक्त होतो, ते उदाहरणांसह लिहा.
३. कोल्हापूर प्रकरणातील संपादकांच्या जागी आपण असतो, तर पत्रे छापण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी तपासल्या असत्या?
४. आपल्या मागील प्रयोगाच्या अहवालातील ‘आढळून आले’ असलेली वाक्ये शोधा आणि ज्याने वाचन घेतले त्याच्यासह ती पुन्हा लिहा.